आक्कांचं दुसरं माणूस

आक्का कुठलाही आकडा तोंडानं सांगत नसत. किती वाजले विचारलं तर मनगट पुढं करायच्या. घड्याळ आपलं आपण बघायचं. रिक्षावाल्यानं घर नंबर विचारला तर "चला, मी दावते" म्हणायच्या. भाजीवालीकडं पाव किलो की अर्धा, तेही हातानंच. नवा माणूस पहिले दोन दिवस त्यांना विक्षिप्त समजायचा आणि तिसऱ्या दिवशी स्वतःही आकडे हळू आवाजात बोलायला लागायचा. "तोंडातनं गेलेला आकडा बाजाराचा," एवढं स्पष्टीकरण त्या द्यायच्या आणि पुन्हा की-बोर्डकडं वळायच्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरला दिल्ली गेटच्या आत आमचं अक्षरजुळणीचं दुकान होतं. मालक, आक्का आणि मी, अशी तीन माणसं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि पावसाळ्यात शॉक देणारं लोखंडी शटर. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशक्रियेचे कागद हे रोजचं काम. पण दुकान चालायचं ते शाळांच्या प्रश्नपत्रिकांवर. वर्षातून दोनदा, सहामाहीला आणि वार्षिकला, जिल्हाभरच्या शाळा हातानं लिहिलेले पेपर पाकिटात घालून आमच्याकडं आणून द्यायच्या. एक पेपर फुटला असता, तर पुढच्या खेपेला एकही मुख्याध्यापक आमची पायरी चढला नसता. पेपर वेळेत छापून गेले नसते तरी तेच.

म्हणून पेपरांच्या फायलींना पासवर्ड असायचा. सहा आकड्यांचा. आक्का त्याला कुलूप म्हणत, आणि ते कुलूप त्यांच्या ताब्यात होतं. माघारी सगळे त्यांना कुलूपबाई म्हणायचे. हे त्यांना माहीत होतं, आणि माझ्या अंदाजानं आवडतही होतं.

दुकानात येण्याआधी वीस-बावीस वर्षं त्या कोर्टाबाहेर झाडाखाली टाईपरायटर घेऊन बसत. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, करारनामे. बोलायच्या आपल्या गावाचं, घोडेगावचं, आणि टाईप करायच्या कोर्टाचं. बोटांतून "सबब विनंती की" उमटत असताना तोंडानं "आगं बाई, च्या निवला की माजा" चाललेलं असायचं. मालकांनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा आक्का पन्नाशीला टेकल्या होत्या. त्या यंत्राला घाबरल्या नाहीत. "टाईपरायटरला कुलूप नसतंय," त्या म्हणाल्या होत्या. "ह्याला हाय. म्हंजी हा बरा."

कुलपाचे त्यांचे नियम होते. मला याद्या करायची सवय तेव्हाही होती, त्यामुळं ते नियम मी वहीत उतरवून घेतले. स्वतःच्या माणसांच्या तारखा कुलपाला लावायच्या नाहीत. कुलूप कुठंही लिहायचं नाही. दर अमावस्येला बदलायचं, कारण त्या दिवशी लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक फिरकत नाही आणि दुकान निवांत असतं. माणूस काम सोडून गेला की अमावस्येची वाट बघायची नाही, त्याच दिवशी संध्याकाळच्या आत बदलायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कुलूप दोघांना ठाऊक पाहिजे. नेमक्या दोघांना.

"एकाला ठाऊक आसलं तर घोर," त्या म्हणायच्या. "दोघांला ठाऊक, तर कुलूप. तिघांला ठाऊक झालं, की घोडेगावचा बाजार."

बाजाराचा उल्लेख उगाच नव्हता. त्यांचे वडील घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. तिथं बैलाचा सौदा रुमालाखाली होतो. दोन हात रुमालाखाली जातात, बोटं दाबली जातात, भाव ठरतो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. आक्कांची आई लवकर गेलेली. वडील सरावासाठी मुलीला समोर बसवायचे, आणि ती भाषा मुलीच्या हातात उतरली. "अक्षरं मला शाळंनं शिकिवली," त्या सांगायच्या, "पन बोटं बापानं."

मी दुकानात लागून चार महिने झाल्यावर, एका अमावस्येला, त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पदराखाली हात घाल."

"काय?"

"हात घाल म्हन्ते. इंचू न्हाई ठिवला."

मी हात घातला. त्यांनी माझं एक बोट धरलं, सोडलं. मग तीन बोटं धरली. मग अख्खा पंजा. मला हसू आवरेना. त्या हसल्या नाहीत. जितकी बोटं धरली तितका आकडा, पंजा धरला की पाच, मनगट दाबून मग बोटं धरली की पाचाच्या पुढचे, आणि माझी मूठ मिटवून दाबली की शून्य. सहा वेळा हात हलला आणि कुलूप माझ्याकडं आलं.

शटरपाशी उभे असलेले मालक म्हणाले, "काय आक्का, बैल ठरला का?"

"ठरला. दाताला चांगला हाय. तुमच्यावानी सारकं डोकं हालवत न्हाई."

मालक असलं ऐकून घेत, कारण त्यांची बाजू पडकी होती. आधी ते दुसरं माणूस होते. एकदा दुकानातून गावाकडच्या मेव्हण्याला फोनवर पासवर्ड सांगताना लाईन खरखरत होती, म्हणून ते ओरडून ओरडून सांगायला लागले. समोरच्या बांगडीवाल्यानं संध्याकाळी येऊन आक्कांना सहाचे सहा आकडे म्हणून दाखवले. आक्कांनी तिथल्या तिथं कुलूप बदललं आणि नवं मालकांना दिलंच नाही.

"आक्का, दुकान माझं आहे," मालक म्हणाले.

"दुकान तुमचंच हाय. कुलूप तुमचं न्हाई."

मालक चिडले, दोन दिवस बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी भेळ घेऊन आले. तो विषय पुन्हा निघाला नाही. पदराखालच्या त्या अमावस्येपासून कुलूप आक्कांकडं आणि माझ्याकडं. तीन वर्षं. दर शनिवारी त्या माझी वही मागून घेत आणि पानं चाळत, मी आकडे लिहिले तर नाहीत ना ते बघायला. "शोभे, तुजी वही हारवली की तू हारवलीस," म्हणत परत द्यायच्या.

एकदा वार्षिक परीक्षेच्या तोंडावर एका संस्थेचे कुणी बडे गृहस्थ आले. पांढरे कपडे, दोन माणसं मागं. त्यांना गणिताचा पेपर 'फक्त छपाई कशी आलीय' एवढं बघायचं होतं. त्यांचा पुतण्या नववीत होता, हे सगळ्या नगरला माहीत. मालक अर्धे उठले. आक्कांनी त्यांना डोळ्यांनी बसवलं आणि पाहुण्यांपुढं चहा ठेवला.

"पेपर दावते की साहेब. पोरांसंगट बाकावर बसा, त्येंच्याबरुबरच दावते."

ते गृहस्थ चहा न पिता गेले. आक्कांनी तो चहा स्वतः प्यायला. "वाया कशाला," म्हणाल्या.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले. तोफखाना भागात एक खोली. एक खाट, एक स्टो, एक ताट, एक वाटी. मी गेले तेव्हा मला चहा पेल्यात मिळाला आणि त्यांनी वाटीतून घेतला. भिंतीवर एकही फोटो नव्हता. मी सवयीनं खोली डोळ्यांनी मोजली आणि लक्षात आलं की तिथं दोन अशी एकही वस्तू नाही. चपलांचा जोड सोडून.

दुपारी डबा खाताना मी त्यांना विचारलं होतं, "आक्का, लग्न का नाही केलंत?"

"ठरलं हुतं की." त्यांनी भाकरी मोडली. "बाप एका बाजारादिशी हासत घरी आला. म्हनला, तुजं ठरलं. लई चांगलं घर हाय. रुमालाखाली ठरलंय, अजून बोलायचं न्हाई कुठं. मी म्हनलं, कंचं गाव? म्हनला, कळंल. तिसऱ्या दिशी छातीत कळ आली आन् गेला."

"मग?"

"मग काय. वरीसभर दारात पाव्हनं दिसलं की मी च्याचं आदन ठिवायची. कुनी आलंच न्हाई. त्येंनी मोडलं, का त्येंनाच माजं घर गावलं न्हाई, कुनाला ठावं." डब्याचं झाकण लावून त्या उठल्या. "म्हून म्हन्ते, एकाला ठाऊक आसून भागत न्हाई. दुसरं मानूस लागतं."

मला वाटलं, त्या कुलपाबद्दल बोलताहेत.

जूनमध्ये माझ्या नवऱ्याची मिरजगावच्या शाळेत बदली झाली. मी पंधरा दिवस आधी सांगितलं. आक्का "बरं" म्हणाल्या. शेवटच्या दिवशी मी टेबल आवरलं, अर्धवट कामांची यादी करून मालकांना दिली, फ्लॉप्यांवर नावं घातली. पाच वाजता आक्कांनी हाक मारली.

"तोंड भितीकडं कर."

मी बघतच राहिले. तीन वर्षं मी ते कुलूप सांभाळलं होतं. एकदाही चुकले नव्हते.

"मानूस उठलं की कुलूप बदाललं," त्या म्हणाल्या. "तुला काय येगळा नियम हाय?"

मी भिंतीकडं तोंड केलं. मागं सहा वेळा बटणं वाजली. "झालं. आता तू मोकळी," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडले, पण डोळ्यांकडं बघितलं नाही. नियम बरोबर होता. मला तो लागला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी माळीवाड्याच्या स्टँडवर आम्ही गाडीत बसलो. सामान टेम्पोनं पुढं गेलेलं, नवरा मागच्या सीटवर, माझ्या मांडीवर चार वर्षांची मीनू रडतेय. आणि खिडकीखाली आक्का. कामाच्या वेळेत दुकान सोडून त्या कधी कुठं गेल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"पोरगी का रडतीया?"

"झोप आलीय तिला."

"जेवलीस का?"

"हो."

मग त्यांनी खिडकीतून माझा हात धरला आणि वर पदर टाकला. त्यांचा हात थरथरत होता. मला वाटलं, तो लोकांना दिसू नये म्हणून पदर. मी कालच्या रागात होते, मीनू खांद्यावर ओरडत होती, कंडक्टर "चला, चला" करत दार आपटत होता. त्या हात सोडेनात. मनगट असं दाबलं की माझी एक बांगडी तडकली. गाडी हलली तशी दोन पावलं त्या बरोबर चालल्या, मग थांबल्या. मी मागं वळून पाहिलं तेव्हा त्या पदर नीट करत होत्या.

मिरजगावात रस्त्याला लागूनच घर मिळालं. मी आक्कांना पत्र टाकलं, त्यांचं उत्तर आलं: दोन ओळी, कोर्टाच्या भाषेत, टाईप केलेल्या. "आपले पत्र पोहोचले. येथील सर्व क्षेम आहे." मला पुन्हा राग आला.

सप्टेंबरच्या अखेरीला समोरच्या एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली. नगरहून फोन होता.

"शोभाताई," मालक म्हणाले, "आक्का गेल्या."

मंगळवारी नऊला शटर उघडलं नव्हतं. नऊ वाजून दहा मिनिटांनीच मालकांनी माणूस पाठवला, कारण इतक्या वर्षांत तेवढा उशीर कधी झाला नव्हता. आक्का खाटेवर होत्या, घड्याळ मनगटात. झोपेतच गेलेल्या. सगळं उरकूनही चार दिवस झाले होते. आणि सहामाहीचे पेपर चार दिवसांवर आले होते; सगळे टाईप होऊन कुलपात बंद. हस्तलिखितं नियमाप्रमाणं शाळांना परत गेलेली. ती पुन्हा मागायची, म्हणजे कुलूप हरवलं असं जिल्हाभर आपणच सांगायचं.

"तुम्हांला माहीत असेल, म्हणून..."

"नाही हो. माझ्यासमोर बदललं होतं. भिंतीकडं तोंड करायला लावून."

मी फोन ठेवला. तरी मी मीनूला शेजारी ठेवलं आणि पुढची गाडी पकडली.

दुकानात मालक खुर्चीवर बसले होते, दाढी वाढलेली. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस नुकताच हात टेकून गेला होता. टेबलावर एक कागद होता. कालपासून काय काय घालून बघितलं त्याची यादी. दुकानाचा फोन नंबर. गाळ्याचा नंबर. नगरचा पिन कोड. त्याखाली 'जन्मतारीख' लिहून पुढं रेघ.

"जन्मतारीख कुणालाच माहीत नाही," मालक म्हणाले. "घोडेगावला माणूस पाठवला. तिथं त्यांना ओळखणारं कुणी राहिलं नाही. घरमालकिणीला आडनाव माहीत नव्हतं. शोभाताई, अकरा वर्षं माझ्याकडं होत्या. त्यांना काय आवडायचं, तेसुद्धा मला सांगता येत नाही."

मी कागद वाचला. मलाही त्यात एकाही ओळीची भर घालता आली नाही.

"अमावस्येला बदलायच्या, तेव्हा तुम्ही काही पाहिलं?" मी विचारलं.

"बदललंच नाही. तुम्ही गेल्यापासून एकदाही नाही. मी म्हटलंसुद्धा, आक्का, अमावस्या होऊन गेली की. तर म्हणाल्या, 'बदलून कुनाला देऊ?'"

मी कागद खाली ठेवला. तीन महिने जुनं कुलूप, आणि बदललं असतं तर देणार कुणाला. म्हणजे हे, आत्ताचं, कुणाला तरी दिलेलं होतं.

मी उजवा हात पदराखाली घेतला आणि डाव्या हातानं धरला. मालक बघत होते. माळीवाड्याचा स्टँड, खिडकीची पट्टी, मीनूचं रडणं. थरथर नव्हती ती. आधी मनगट, मग बोटं. मूठ मिटवली होती, मला वाटलं होतं हातात काही ठेवताहेत. पुन्हा मनगट, तेव्हाच बांगडी गेली. मग बोटं. पहिल्यांदा क्रम चुकला आणि यंत्रानं नाकारलं. मी पुन्हा पदराखाली हात घेतला, यावेळी बांगडीपासून मागं आणि पुढं. सहा वेळा बटणं दाबली.

पेपर उघडले. इयत्ता पाचवी, मराठी. मालकांनी तोंडावर रुमाल धरला.

तो आकडा मी इथं लिहिणार नाही. त्याला काही अर्थ असेल म्हणून मी पुष्कळ शोधला. माझी तारीख नाही, मीनूची नाही, कुठलीच नाही. नियम त्यांनी तिथं मोडला नव्हता. अमावस्येचा सोडला, तर मोडला होता तो एकच, गेलेल्या माणसाला कुलूप न देण्याचा. संध्याकाळपर्यंत मी छपाई लावून दिली, आणि निघण्याआधी कुलूप बदललं. मालकांना पदर नव्हता, म्हणून त्यांचाच रुमाल घेतला.

आता आम्ही पुन्हा नगरला आहोत; म्हणजे मी आहे. एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचं ऑफिस सांभाळते. आमचं सगळं काम आता इंटरनेटवर कुठंतरी ठेवलेलं असतं. ऑर्डरी, ड्रॉइंगं, पगार, हजेरी, प्रत्येकाचं वेगळं खातं आणि वेगळा पासवर्ड. माझ्याकडं त्याचा तक्ता आहे. कोणतं खातं, कोण उघडतं, शेवटचं कधी बदललं. कुणी नोकरी सोडली की संध्याकाळच्या आत त्याचं नाव काढते. तो कितीही चांगला असला तरी, आणि त्याच्या डोळ्यांकडं बघून. तक्त्यातला शेवटचा रकाना 'दुसरं माणूस'. तो रिकामा असलेलं खातं मी चालू देत नाही. ऑफिसातली मुलं हसतात. हसू देत.

तसाच एक तक्ता मी घरचाही केला आहे. माझा फोन, बँक, विम्याचे कागद, कपाटाची चावी. त्यातला शेवटचा रकाना दोन वर्षांपूर्वीपर्यंत भरलेला होता. हे गेल्यावर मी त्यांचं नाव त्याच दिवशी काढलं नाही. काढलं तेव्हा रकाना तसाच राहिला.

मीनू पुण्याला असते. दिवाळीला दोन दिवस आली होती. परत जाताना मी माळीवाड्याला सोडायला गेले. ती खिडकीत बसली, कानात वायर. मी तिचा हात धरला आणि वर पदर टाकला.

"आई, काय करतेस? लोक बघताहेत."

"पासवर्ड देतेय."

"अगं, मेसेज कर ना!"

गाडी सुटायला वेळ होता. मी तिचं पहिलं बोट धरलं.